नाकपुडी, गळा आणि नीनकेलिस

बारीक वामांच्या नव्या नोंदी घेऊन आमच्याकडे लेख येतात, तेव्हा ओळख पटवण्याचा भाग बहुधा चार ओळींत उरकलेला असतो. अंग लांबट, खवले नाहीत, पर ठेंगणे, रंग फिकट. सबब अमुक प्रजाती. ओफिक्थिडी कुलातल्या मायरोफिनी उपकुलाच्या, म्हणजे वर्म ईलच्या बाबतीत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. हे वर्णन जवळजवळ सगळ्या उपकुलाला लागू पडते, आणि कुलाबाहेरच्या मोरिंग्वालाही. नीनकेलिस ही प्रजाती घेऊन या प्रश्नाकडे बघावे असे वाटते, कारण तिच्या बाबतीत जाणकारांनाही योग्य जागा सापडायला बरीच वर्षे लागली.

सिरिल क्रॉसलंड यांनी सुदानच्या किनाऱ्यालगत तांबड्या समुद्रातून जमवलेल्या माशांचा अभ्यास रूथ बॅम्बर यांनी केला आणि 1915 साली ही प्रजाती प्रसिद्ध केली. ओफिक्थिडी कुलात मागची नाकपुडी सहसा वरच्या ओठाच्या कडेला किंवा थेट तोंडाच्या आत उघडते. या माशात ती डोळ्याच्या पुढे, मुस्कटाच्या बाजूला स्वतंत्र भोकासारखी होती. फरक एवढा ठळक दिसला की बॅम्बर यांनी प्रजातीसाठी वेगळे कुलच मांडले. पुढे 1966 साली गॅरेथ नेल्सन यांनी नीनकेलिस बुइटेन्डायकी या जातीचा सांगाडा तपासला आणि प्रश्नाचा निकाल गळ्याखाली लागला. ओफिक्थिडी माशांत कल्ल्यांखालच्या बारीक अस्थिशलाका खूप असतात आणि दोन्ही बाजूंच्या शलाका गळ्याच्या मध्यरेषेवर एकमेकींवर चढलेल्या असतात. टोपलीच्या विणीसारखी ही रचना वामांच्या दुसऱ्या कुलात आढळत नाही, आणि नीनकेलिसमध्ये ती होती. 1977 मध्ये जॉन मॅककॉस्कर यांनी संपूर्ण कुलाच्या अस्थिरचनेचा जो आढावा घेतला, त्यात ही प्रजाती मायरोफिनीत बसली.

नाकपुडीचे निरीक्षण बॅम्बर यांनी अचूक केले होते. त्याला कुलाच्या पातळीचे वजन दिले गेले, तिथे गाडी रुळावरून घसरली. तेच लक्षण प्रजातीच्या पातळीवर आणले की उत्तम काम देते: मायरोफिनीत मुराएनिक्थिस आणि स्कोलेसेन्केलिस यांची मागची नाकपुडी ओठाशी असते आणि छातीचे पर नसतात, नीनकेलिसमध्ये नाकपुडी डोळ्यापुढे असते आणि छातीचे पर लहान का होईना, पण असतात. मात्र आधी कुल ठरले पाहिजे, आणि ते गळ्यावरून ठरते. हा क्रम उलटा केला की चूक जवळजवळ अटळ आहे.

आपल्याकडे ती चूक मोरिंग्वाशी होते. तिथेही मागची नाकपुडी डोळ्यापुढे, छातीचे पर इवलेसे आणि अंग गांडुळासारखे. पण मोरिंग्वाचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे येतो. नीनकेलिसमध्ये मुस्कट खालच्या जबड्यावर झुकलेले असते. मोरिंग्वाचे गुदद्वार शरीराच्या मध्याच्या मागे असते, म्हणजे धड शेपटीहून लांब. नीनकेलिसमध्ये शेपटी धडाहून लांब असते. एक साधी पट्टी घेऊन मोजले तरी ही शंका मिटते. खाडीतल्या पिसोडोनोफिस बोरोशी गल्लत होण्याचे तर कारणच नाही. त्याच्या शेपटीचे टोक टणक आणि बिनपराचे असते. वर्म ईलमध्ये पाठीचा आणि गुदाचा पर शेपटीच्या पराला जाऊन मिळतात. नखाने टोक चाचपले तरी कळते.

ओल्या नमुन्यावर डोक्यावरची संवेदी छिद्रे दिसत नाहीत, म्हणून अनेक लेखांत ती 'अस्पष्ट' ठरतात. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हवेचा हलका झोत सोडावा. पृष्ठभाग सुकता सुकता एकेक छिद्र उघडे पडते. सायनीन ब्लूचा पातळ हात दिला तर जबड्याकडची रांग सुरेख उठून दिसते आणि रंग नंतर अल्कोहोलमध्ये उतरतो. दातांसाठी तोंड नीट उघडावे आणि टाळूच्या मध्यावरचे व्होमर हाड न चुकता पाहावे. तिथे दात आहेत की नाहीत यावर प्रजाती बदलते. गॉस्लाइन यांनी 1951 मध्ये मांडलेल्या शुल्ट्झिडियात त्या जागी दात नसतात.

मणक्यांची मोजणी क्ष-किरण चित्राशिवाय होत नाही. पाठीच्या पराच्या आधीचे मणके, गुदद्वाराच्या आधीचे मणके आणि एकूण मणके, हे तीन आकडे द्यावेत. 1982 मध्ये युजेनिया बोल्के यांनी वामांच्या मूळ नमुन्यांसाठी हीच सूत्रे संकलित केली, त्यामुळे तुलनेचा आधार आयता मिळतो. शेपूट तुटली असेल तर तिसरा आकडा देऊ नये; पहिले दोन तरीही कामाचे असतात. शिवाय वामांच्या पारदर्शक अळ्यांचे स्नायुखंड मणक्यांच्या संख्येशी जुळतात, म्हणून आज नीट मोजलेला प्रौढ मासा उद्या प्लवकांच्या जाळ्यातली अळी ओळखायला उपयोगी पडतो.

नीनकेलिस आपल्यासाठी लांबची गोष्ट नाही. बुइटेन्डायकी भारतीय समुद्रात आढळल्याची नोंद 1958 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली गेली. पश्चिम पॅसिफिकमध्ये हो, मॅककॉस्कर आणि स्मिथ यांनी 2013 मध्ये या प्रजातीची फेरतपासणी केली आणि 3 नव्या जाती वेगळ्या काढल्या. आपल्या डोल जाळ्यांत आणि ट्रॉलरवर येणारी बोटभर जाडीचीही नसलेली वाम मात्र बारीक मासळीच्या ढिगात जाते आणि तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

म्हणून पुढील अंकापासून वर्म ईलच्या नोंदीसोबत मागच्या नाकपुडीचे आणि गळ्याचे जवळून काढलेले छायाचित्र, दातांचे रेखाटन, मणक्यांचे आकडे आणि नमुना कोणत्या संग्रहालयात कोणत्या क्रमांकाने जमा केला ते द्यावे, अशी विनंती नव्हे, अट आम्ही घालत आहोत. डीएनए पाहायचा असेल तर फॉर्मालिनमध्ये घालण्यापूर्वीच उजव्या बाजूच्या स्नायूचा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवावा. डावी बाजू मोजमापासाठी अखंड राहू द्यावी. चिठ्ठीवर बंदर, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि तांडेल सांगेल तेवढी खोली पेन्सिलीने लिहून ती बरणीच्या आत टाकावी.