पदर आला म्हणून पोर बाई होत नाही
२०२०च्या टाळेबंदीनंतर पुण्यातल्या आणि रोममधल्याही डॉक्टरांनी नोंदवलं, की वेळेआधी वयात येणाऱ्या मुली वाढल्यात. कोंडलेपण, वजन, बिघडलेली झोप; कारणांची चर्चा अजून चालू आहे. पण अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावातल्या ऊसतोड कुटुंबांत तेवढी उसंत कुणाला? मुकादमाची उचल मिळते ती जोडप्याच्या कोयत्याला. मग पोर ‘शहाणी’ झाली, की सोयरीक! २००६चा कायदा १८ वर्षं सांगतो, घरात मात्र पाळीचाच कायदा चालतो. अहो, ८ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर पोरीला डॉक्टरकडे न्यायचं असतं! आणि सरकार? २०१८च्या अस्मिता योजनेत झेडपी शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत पॅड ठरले होते, पण ११ ते १९ वयाच्याच. ९ वर्षांच्या पोरीनं कुणाकडे मागायचे?