डांबराची बाजू

गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीचा डांबरी रस्ता सिमेंटचा झाला. नारळ फुटला, भाषण झाले, "आता वीस वर्षे बघायला नको!" पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत पाणी शिरले, कारण रस्ता वीतभर उंच झाला आणि गटार होते तिथेच राहिले. दिवाळीनंतर पाण्याची लाइन टाकायला तोच रस्ता कापला. तरी सगळ्यांचे पालुपद एकच: "डांबर आपल्या पावसात टिकतच नाही हो!"

मी शाळामास्तर, इंजिनियर नव्हे. पण हे वाक्य ऐकले की हात लाल पेनाकडे जातो.

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची. वरचा थर डांबराचाच. पाऊस कोकणातलाच. तिच्यावरून शेकडो टनांची विमाने धावतात. एक खडा सुटला तरी तो इंजिनात ओढला जाण्याची धास्ती. मग तिथे डांबर कसे टिकते?

टिकते, कारण टिकवतात. खडी कडक आणि बिनधुळीची, डांबर उष्णतेला न पाघळणारे, मिश्रण गरम असतानाच दाबलेले आणि पाणी बाजूला पळेल असा उतार. डांबराचा वैरी पाऊस नव्हे, साचलेले पाणी. ते फटीतून शिरते आणि खडीला डांबरापासून सोडवते. शिवाय डागडुजी! ९ मे २०२४ रोजी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवल्या, पावसाळ्याआधीच्या कामासाठी. आपल्याकडे खड्डे बुजवतात ते गणपती येताना.

सिमेंटशी माझे वैर नाही. विमाने तासन्‌तास उभी राहतात, इंधन सांडते, तिथे सिमेंटच बरे, कारण ते इंधन डांबर विरघळवते. पण धावपट्टीवर रात्री डांबर घालून सकाळी विमान उतरवता येते. सिमेंट पक्के होईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे जागा पाहून माल निवडायचा. जी गल्ली दर दोन वर्षांनी खणली जाणार, तिथे सिमेंट कशाला?

आम्ही मात्र माल बदलतो, सवयी तशाच ठेवतो. पेपर कोरा सोडायचा आणि नापास झाल्यावर शाईला दोष द्यायचा, त्यातली गत.

असो. पुढच्या नारळाला मी पहिल्या रांगेत बसून एवढेच विचारणार आहे: "गटार आधी की रस्ता आधी?" तुम्हीही आपापल्या गल्लीत विचारा, आणि काय उत्तर मिळाले ते मला जरूर कळवा.