बुंदेलखंडातील नेत्रसेवा: शस्त्रक्रिया मोफत, वाट मात्र खर्चाची

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात, मोंठ तहसिलीत, समथर हे छोटे नगर आहे. एकेकाळी ते गुर्जर राजघराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. त्याचा किल्ला आजही उभा आहे. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे, समथर बहुधा नाही. परंतु गरीब माणसाला नेत्रोपचार कोणत्या टप्प्यापर्यंत मिळतात आणि कोठे मिळेनासे होतात, हे समजून घेण्यासाठी असेच गाव उपयोगी पडते. कागदावर पाहिले तर येथील वृद्धाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी एक पैसाही खर्च करावा लागू नये.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के, तर पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये १.९९ टक्के आढळले. हे आकडे पूर्वीच्या आकड्यांशेजारी ठेवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सहा मीटरवरून बोटे मोजता न येणे ही अंधत्वाची जुनी शासकीय व्याख्या २०१७ मध्ये बदलून तीन मीटरवर आणण्यात आली. घट खरी आहे, पण तिचा काही भाग व्याख्येच्या खात्यावर जमा होतो. पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांमध्ये मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आहे. म्हणजेच दर तीन अंध व्यक्तींपैकी सुमारे दोघांची दृष्टी एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येऊ शकते.

या शस्त्रक्रियेचा खर्च उचलणाऱ्या व्यवस्था आज एकाहून अधिक आहेत. झाशीला महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून लागू आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, तिचा लाभ घेता येतो. हे कार्ड राज्याच्या सीमेपलीकडील संलग्न रुग्णालयातही चालते. याखेरीज धर्मादाय संस्थांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे शासकीय अनुदान मिळते.

धर्मादाय रुग्णालयांमध्ये बुंदेलखंडात अग्रक्रमाने नाव घेतले जाते ते चित्रकूटच्या जानकीकुंड येथील सद्गुरू नेत्र चिकित्सालयाचे. रणछोडदासजी महाराजांच्या प्रेरणेने १९५० मध्ये चित्रकूटला पहिले नेत्रशिबिर भरले. १९६८ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि मुंबईचे उद्योगपती अरविंद मफतलाल यांनी तिचा भार उचलला. तेथे दीर्घकाळ सेवा दिलेले डॉ. बी. के. जैन यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ऐपत असणाऱ्याकडून शुल्क घ्यायचे आणि त्यातून गरिबाचा उपचार करायचा, ही पद्धत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने रूढ केली. त्याच संस्थेने १९९२ मध्ये कृत्रिम भिंगांचा कारखाना काढल्यावर भिंगाची किंमतही आवाक्यात आली.

मग अडचण कोठे आहे? उत्तर भारतात गावोगावी भिंतींवर ‘निःशुल्क नेत्र शिविर’ असे लिहिलेले आढळते. मराठीत त्याचे भाषांतर आपण सहज ‘मोफत’ असे करतो. पण मूळ शब्द अधिक काटेकोर आहे. माफ होते ते शुल्क. समथरहून मोंठ, मोंठहून झाशी हा प्रवास, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, पुन्हा तपासणीसाठी मारावयाच्या खेपा यांचा त्यात समावेश नाही. चित्रकूट तर झाशीपासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. संस्थेच्या वाहनाने नेले-आणले तर गोष्ट वेगळी. वाटाण्याची तोडणी किंवा गव्हाची कापणी चालू असताना घरातील कोणी सोबत जाईल, अशी अपेक्षा वृद्ध स्त्री करीतच नाही. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला अद्याप दिला जातो. भिंग बसविण्याची पद्धत येण्यापूर्वी त्यात तथ्य होते. आज मात्र फार पिकलेला मोतीबिंदू शस्त्रक्रिया अवघड करतो. ती थंडीतच करावी, हा समजही असाच जुना.

विम्याच्या रचनेतही एक पोकळी आहे. आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते, बाह्यरुग्ण तपासणीचा नाही. चष्मा आणि काचबिंदूचे आयुष्यभर घालावयाचे थेंब तिच्या कक्षेबाहेर राहतात. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, तेव्हा तेथे वेळीच झालेली तपासणी हाच उपचाराचा मुख्य भाग असतो.

शस्त्रक्रियांची संख्या हेच यशाचे माप मानण्याचा धोका त्याच सर्वेक्षणाने दाखविला आहे. पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांमध्ये, मोतीबिंदू आणि पारपटलाच्या विकारांनंतर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा क्रमांक लागतो: ७.२ टक्के. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील बडवानी येथे आणि २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांनी डोळे गमावले. त्यामुळे शाळा वा धर्मशाळेतील तात्पुरत्या जागेत शस्त्रक्रिया करू नये, गावात केवळ तपासणी व्हावी आणि रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात न्यावे, हे धोरण योग्यच ठरते. मात्र त्याच धोरणाने प्रवास हा उपचाराचा भाग झाला आहे. जे शिबिर रुग्णाला नेते, परत आणते आणि नंतरच्या तपासणीची तारीख लिहून देते, त्यावरच भरवसा ठेवावा.

चष्म्याचा विषय त्यामानाने साधा, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. आसाममधील चहामळ्यांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जवळचे दिसण्याचा चष्मा दिलेल्या चाळिशीपुढील मजुरांची पाने खुडण्याची क्षमता, चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २१.७ टक्के अधिक वाढली. धान्य निवडणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या हातांनाही हाच न्याय लागू आहे. शालेय मुलांना आणि वृद्धांना मोफत चष्मे देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तिची विचारणा आरोग्य केंद्रातील नेत्र परीक्षण अधिकाऱ्याकडे करता येते.

ज्यांची दृष्टी उपचारानेही परतणार नाही, त्यांच्यासाठी मार्ग निराळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही समाविष्ट आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र मिळाल्यावर, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पांढरी काठी, ब्रेल साहित्य यांसारखी साधने मिळतात. ही साधने पुरविणारे ‘अलिम्को’ हे सरकारी महामंडळ कानपूरला आहे, म्हणजे मोंठवरून जाणाऱ्या झाशी-कानपूर लोहमार्गाच्याच टोकाला. तरीही लाभार्थ्याने कानपूर गाठण्याची गरज नसते. साधनांचे वाटप जिल्ह्यातील शिबिरांत होते. गरज असते ती प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळापुढे हजर राहण्याची, आणि हे मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसते.