मूड नव्हे, आजार!

‘ती ना, एकदम बायपोलर आहे!’ सकाळी हसणारी मैत्रीण दुपारी चिडली की कट्ट्यावर आपण सहज बोलून जातो. जरा थांबा. तासाभरात बदलतो तो मूड. बायपोलरमध्ये उन्माद आठवडाभर तरी टिकतो, नैराश्य दोन आठवडे किंवा त्याहून जास्त. तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातात. आणि मग एक दिवस अंथरुणातून उठवतच नाही.

हा आजार बहुतेकदा तुमच्याच वयात डोकं वर काढतो. काहींमध्ये खुणा शाळेपासूनच दिसतात. पण घरचे म्हणतात ‘वयच तसं आहे’, शिक्षक म्हणतात ‘वांड आहे’. यातच वर्षं जातात. घरात कुणाला हा आजार असेल, तर जास्त सावध राहा. आणि डॉक्टरांना फक्त उदास दिवस सांगू नका, उधाणाचेही सांगा. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. योग्य औषधं नियमित घेतली, तर कॉलेज, करिअर, सगळं जमतं.

मित्राची झोप अचानक उडाली, वागणं बदललं, तर मीम पाठवू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. आजच सेव्ह करा.