चॉपस्टिक जमल्या, पुढे काय?

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला की आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न पडतो, "कुठे?" या वेळी उत्तर आलं, "माजिवड्याला. नवीन एशियन जागा निघालीये, रील बघ." रील बघितली. कागदी कंदील, बांबूच्या टोपल्या, त्यातून निघणारी वाफ. ठरलं. टीएमटीने नाक्यावर उतरून, मेट्रोच्या खांबांखालची धूळ खात आम्ही पाच जण पोहोचलो. जागा म्हणजे जेमतेम सहा टेबलं. मेन्यूकार्ड उघडलं आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. 'पोके बाउल'. आम्ही ते 'पोक' असं वाचलं आणि पूर्वी फेसबुकवर लोक एकमेकांना पोक करायचे, तसलं काहीतरी असेल म्हणून भरपूर खिदळलो. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हवाईयन'. किंमत ४७५ रुपये. टीटीएमएम करूनही जिवावर आलं, पण एक मागवलाच.

ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला मैत्रिणीने विचारलं, "भैया, ऑथेंटिक है ना?" तो हसून म्हणाला, "ट्राय करके देखिए." तो आत वळताच आमच्यातला एक जण म्हणाला, "अगं, तो स्वतःच चायनीज आहे. म्हणजे ऑथेंटिकच असणार!" सगळे हसले. मीही हसले.

या हसण्याकडे मी परत येणार आहे. आधी खाण्याचं बोलू.

आपल्या पिढीला 'एशियन' हा शब्द नवा असला तरी 'चायनीज' घरचंच आहे. ठाण्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, पहिलं चायनीज गाडीवरचंच. गाडीवर एखाद्या देवाचं नाव, त्यापुढे 'चायनीज', खाली ड्रॅगनचं चित्र. ट्रिपल शेजवान, लॉलीपॉप आणि कच्चा कांदा-कोबी घालून दिलेली चायनीज भेळ. यातलं काहीही चीनमध्ये मागितलं तर तिथला माणूस बुचकळ्यात पडेल. चिकन मंचुरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही. त्याचं श्रेय दिलं जातं ते नेल्सन वँग यांना. कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे हे शेफ १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. काहीतरी वेगळं द्या, अशी फर्माईश आली. त्यांनी आपल्या रोजच्या फोडणीतलं आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. आज तोच पदार्थ कोबीचा होऊन आपल्या लग्नांच्या बुफेत श्रीखंडाशेजारी बसतो.

आता चित्र बदललंय. माजिवड्यापासून मानपाड्यापर्यंत आणि आत हिरानंदानी इस्टेटपर्यंत फिरा. मोमो तर कोपऱ्याकोपऱ्यावर. त्यापुढे रामेन, सुशी, खाऊसुए, कोरियन फ्राइड चिकन, बबल टी. एके काळी यासाठी लोकलला लटकून वांद्रे गाठावं लागायचं. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिले, घरोघरी के-ड्रामे लागले, डिलिव्हरीची ॲप्स आली आणि आशिया खंड रिक्षाच्या अंतरावर येऊन ठेपला. वाव मोमोची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या दोन मित्रांनी २००८ मध्ये हे दुकान सुरू केलं, आज त्याची देशभर साखळी आहे. थोडक्यात, ही लाट आपल्याच वयाच्या लोकांनी उचलून धरली आहे.

आणि लाट आली की तिच्यासोबत एक शब्द येतो, 'ऑथेंटिक'. कुणी रामेनचा फोटो टाकला की खाली हमखास कमेंट, "हे ऑथेंटिक नाही." ज्याने आयुष्यात जपान पाहिला नाही तोही हे ठामपणे सांगतो. माझा मुद्दा सरळ आहे. हा शब्द आपण चुकीच्या गोष्टीसाठी वापरतोय. पदार्थ कुठून आला याची आपण कसून चौकशी करतो, तो बनवणारा कुठून आला याची मात्र करत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हवाईबद्दल वाचत बसले. पहिला धक्का म्हणजे अननसवाला 'हवाईयन पिझ्झा' हवाईचा नाहीच. तो १९६२ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, चॅटम नावाच्या गावात, सॅम पानोपुलोस नावाच्या ग्रीक माणसाने केला. अननसाच्या डब्यावर जे नाव होतं, तेच पिझ्झ्याला चिकटलं.

पोके मात्र खरंच तिकडचा. हवाईयन भाषेत या शब्दाचा अर्थ कापणे, तुकडे करणे. कोळ्यांनी पकडलेल्या ताज्या माशाचे तुकडे करायचे, त्याला समुद्री मीठ, शेवाळ आणि भाजून कुटलेल्या एका स्थानिक बीचा कूट लावायचा. होडीवर जे हाताशी आहे त्यात भागवायचं. आपल्या चेंदणी कोळीवाड्यातली एखादी आजी कच्चा मासा बघून नाक मुरडेल, पण यामागचं डोकं तिला लगेच कळेल. पुढे याच पोकेत सोया सॉस आणि तिळाचं तेल आलं. कुठून? तर उसाच्या मळ्यांतून.

एकोणिसाव्या शतकात हवाईत उसाचे मोठमोठे मळे झाले आणि राबायला माणसं बाहेरून आणली गेली. १८५२ मध्ये चिनी, १८६८ मध्ये जपानी, १८७८ मध्ये पोर्तुगीज, नंतर १९०३ मध्ये कोरियन आणि १९०६ मध्ये फिलिपिनो. हे मजूर मळ्यावर दोन मजली पत्र्याचा डबा न्यायचे. खालच्या पुडात भात, वरच्यात कालवण. वाचताना मला आमच्या बाबांचा कंपनीतला डबाच आठवला. दुपारी डबे उघडायचे आणि एकमेकांच्या डब्यातलं चाखलं जायचं. आज हवाईची ओळख असलेला 'प्लेट लंच', म्हणजे दोन मुदी भात, मॅकरोनी सॅलड आणि एखादं मांसाचं कालवण, तो या डब्यांचाच वंशज.

आणि आपल्या सगळ्यांच्या जवळची गोष्ट म्हणजे 'लोको मोको'. १९४९ साली हिलो गावातल्या लिंकन ग्रिल नावाच्या खानावळीत काही खेळाडू पोरं यायची. खिशात पैसे कमी आणि भूक प्रचंड. सँडविच नको, पोटभर काहीतरी द्या, पटकन द्या, ही मागणी. मालकांनी भातावर हॅम्बर्गरची टिक्की ठेवली, वर रस्सा ओतला. नंतर त्यावर अंडंही आलं. नाव पोरांपैकीच एकाच्या टोपणनावावरून पडलं. म्हणजे कॉलेजच्या कँटीनमध्ये आपण मावशींना "भातावर उसळ घाला आणि वर एक ऑम्लेट टाका" म्हणतो ना, तेच.

आता सांगा, यातलं ऑथेंटिक काय आणि भेसळ काय? हवाईचं जेवण ही परप्रांतातून कामाला आलेल्या माणसांनी एकत्र बसून केलेली गोष्ट आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय? वडापावातला बटाटा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. त्याच पोर्तुगालमधून मळ्यावर गेलेल्या मजुरांनी हवाईत गोड पाव नेला. एका घरातून निघालेले दोन पाव, एक हवाईत पोहोचला, एक ठाणे स्टेशनबाहेर.

याचा अर्थ काहीही खपवावं असा नाही. मेयोनीजमध्ये बुडवलेला भात 'पोके' म्हणून पावणेपाचशेला विकला, तर ती फसवणूकच. पनीरचा पोके करा, हरकत नाही, पण पनीर आहे असं सांगा. शाकाहारी मित्रमैत्रिणींसाठी तर विचारणं गरजेचंच आहे. थाई करीत बऱ्याचदा फिश सॉस किंवा सुक्या कोळंबीची पेस्ट असते, किमचीतही माशाचा अंश असू शकतो आणि 'व्हेज रामेन'चं पाणी कधी कधी चिकनचं निघतं. नुसत्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, तोंड उघडून विचारा.

आता ते हसणं.

पोके आला. खाल्ला. थंड भात, ताजा मासा, खारट-आंबट चव. पहिल्या घासाला विचित्र वाटला, चौथ्याला आवडला. बिल द्यायला तोच मुलगा आला. पैसे मोजून झाल्यावर तो अगदी शांतपणे, स्वच्छ मराठीत म्हणाला, "ताई, मी चायनीज नाही. दार्जिलिंगचा आहे. ठाण्यात सात वर्षं झाली."

त्याने सगळं ऐकलं होतं. त्याला सगळं कळलं होतं. टेबलावर अशी शांतता पसरली की विचारू नका. ज्याने विनोद केला होता तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला. मी "सॉरी दादा" म्हणाले. "चालतं, सवय आहे," तो म्हणाला. त्याचं ते 'सवय आहे' मला त्या रात्री झोपू देईना.

कारण ही सवय त्याला आपणच लावलीय. आपल्याला 'चायनीज' देणाऱ्या कोलकात्याच्या चिनी समाजाचं काय झालं, हे मला कुठल्याच इयत्तेत शिकवलं गेलं नाही. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यांच्यातले कित्येक जण भारतातच जन्मलेले होते. त्यांचे नूडल्स आपण ठेवून घेतले, त्यांना मात्र परके ठरवलं. २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशचा निडो तानिया हा वीस वर्षांचा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये मारहाणीनंतर गेला. सुरुवात त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून केलेल्या टिंगलीने झाली होती. म्हणजे आम्ही जसे हसलो, तसल्याच हसण्याने. २०२० मध्ये ईशान्येकडच्या लोकांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, तेही आपल्याच शहरांमध्ये.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. २०१८ मध्ये शिकागोतल्या एका पोके विकणाऱ्या कंपनीने 'अलोहा' हा शब्द नावात वापरू नका, अशा नोटिसा इतर दुकानांना पाठवल्या. त्यातली काही दुकानं मूळ हवाईयन लोकांची होती. त्यांचाच शब्द, त्यांचाच पदार्थ आणि त्यांनाच मनाई! यावर भरपूर ओरड झाली. पदार्थ उचलायचा आणि माणूस वगळायचा, ही खोड जगभर सारखीच दिसते.

"आम्ही जेवायला जातो, समाजसेवा करायला नाही," असं कुणी म्हणेल. ग्रुपवर हे मला ऐकवूनही झालंय. कबूल. कुणी भाषण ठोका असं मी म्हणत नाहीये. पण ज्या उत्साहाने आपण चॉपस्टिक धरायला शिकलो, त्याच्या दहा टक्के उत्साहात माणसाशी बोलता येतं. 'चिंकी', 'नेपाळी', 'ए चायनीज' या हाका बंद करता येतात. आणि समोरचा मित्र तसं बोलला तर हसायचं नाही, एवढं तर फुकटात जमतं. मला त्या दिवशी ते जमलं नाही.

म्हणून दोन आठवड्यांनी मी आणि मैत्रीण पुन्हा गेलो. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. (ही टीपसुद्धा घ्या. अशा छोट्या जागांमध्ये दुपारी निवांत बसू देतात.) "तुम्ही स्वतः काय खाता?" असं त्याला विचारलं. तो म्हणाला, रामेन-पोके गिऱ्हाइकांसाठी. किचनमधली मंडळी डाळभात खातात आणि कुणी गावाहून आलं असेल तर गुंद्रुक. म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं सूप. वर्णन ऐकून मला आजीच्या सुकटीची आठवण झाली. वास घरभर, पण एकदा चव लागली की सुटत नाही. "आणि ठाण्यातलं काय आवडतं?" तर लगेच उत्तर आलं, "मामलेदारची मिसळ." "तिखट नाही लागत?" तो असा हसला की जणू आम्हीच परगावच्या. त्याच्या गावाकडे डल्ले नावाची गोल, लाल मिरची असते म्हणे. तिच्यापुढे मामलेदारचा रस्सा म्हणजे गोडं वरण.

ठाणेकर म्हणून हे सहन करणं अवघड आहे. डल्लेचं लोणचं तो गावाहून मागवणार आहे आणि आम्ही त्याला मिसळ खाऊ घालणार आहोत. विनोद करणारा मित्रही येतोय. त्याला आम्ही सांगून ठेवलंय, आधी सॉरी, मग मिसळ. आणि तिथे बाकी काहीही म्हण, फक्त पोकेला 'पोक' म्हणू नकोस.