वाफसा आल्याशिवाय चाक नको

पाऊस पडला की नांदेड-लातूर भागात जीप घेऊन चिखल तुडवायला निघणाऱ्यांना माळ आणि ओढ्याकाठची रानं मोकळी वाटतात. बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची असतात.

इथली काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना तिच्यावरून जड चाक गेले की कणांमधल्या पोकळ्या दबतात. मग पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, मुळे खोल जात नाहीत. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणूही हवा कमी पडली की मंदावतात. वरचा चर नांगरटीत बुजतो. खालचा दाबलेला थर कित्येक हंगाम राहू शकतो. बांध फुटला तर मातीच वाहून जाते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे परवडणारे नाही.

म्हणूनच वाफसा आल्याशिवाय जाणता शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टरही रानात घालत नाही. मग पाहुण्याच्या गाडीला वेगळा नियम कशाला? आधी मालकाला विचारावे, वहिवाटीच्या गाडीवाटेनेच जावे, बांध ओलांडू नये. मालकाने होकार दिला, तरी माती ओली असेल तर गाडी मागे फिरवावी.