घरचा हिशेब : ‘एम’ची कळ



बाजारात माल गेला, पट्टी हाती पडली, की आपली नजर प्रथम कोठे जाते? सर्वांत खालच्या आकड्यावर. तेवढे पैसे मोजायचे, पट्टीची घडी खिशात घालायची आणि गाडी गाठायची. वर्षभर राबलो आपण, हिशेब मात्र दुसऱ्याच्या बोटांनी झाला! घरात मुलांच्या दप्तरात कॅलक्युलेटर असतो. त्याच्या चार कळा ओळखून घ्या, म्हणजे पट्टी आपली आपल्याला तपासता येईल.

समजा, कांद्याचे तीन वक्कल गेले. १२ क्विंटल ४० किलो १४५० रुपयांनी, ८ क्विंटल ६५ किलो १२०० रुपयांनी आणि ३ क्विंटल २० किलो ७०० रुपयांनी. पुष्कळजण ओळीने आकडे दाबतात : १२.४० × १४५० + ८.६५ × १२०० =. साधा कॅलक्युलेटर उत्तर देतो दोन कोटी पंधरा लाखांच्या वर! यंत्र बिघडले काय? नाही. ते दाबू त्याच क्रमाने करीत जाते. आधी गुणिले, मग ८.६५ मिळवले, आणि साऱ्या बेरजेलाच १२०० ने गुणले. शास्त्रीय कॅलक्युलेटर आणि बरेच मोबाइल गुणाकार आधी करतात. आपल्याजवळचे यंत्र कोणत्या जातीचे, हे पाहायला २ + ३ × ४ = दाबा. २० आले तर साधे, १४ आले तर गुणाकार आधी करणारे.

साध्या यंत्रावर ‘एम+’ ही कळ कामाची. ही यंत्राची कणगी समजा. प्रथम ‘एमआरसी’ दोनदा दाबून कणगी रिकामी करा. पडद्याच्या कडेचे ‘एम’ अक्षर गेले पाहिजे. काही यंत्रांवर यासाठी ‘एमसी’ अशी वेगळी कळ असते. मग असे करा :

१२.४० × १४५० एम+ (१७९८०)
८.६५ × १२०० एम+ (१०३८०)
३.२० × ७०० एम+ (२२४०)

आता खर्च. एकूण वजन २४.२५ क्विंटल. हमाली क्विंटलला ८ रुपये, तोलाई ४ रुपये, गाडीभाडे १८०० धरू. खर्चाला ‘एम−’ :

२४.२५ × ८ एम− (१९४)
२४.२५ × ४ एम− (९७)
१८०० एम−

शेवटी ‘एमआरसी’ एकदाच दाबा. २८५०९ रुपये दिसतील. पट्टीवर हाच आकडा हवा.

मध्येच एखादा आकडा चुकला तर सगळे पुसू नका. ‘सीई’ने फक्त शेवटचा आकडा जातो. मोबाइलवर ‘एम’च्या कळा नसल्या तर प्रत्येक गुणाकार कागदावर उतरवून शेवटी बेरीज करावी.

टिंबाचे मात्र फार जपा. १२ क्विंटल ५ किलो म्हणजे १२.०५, १२.५ नव्हे! १२.५ म्हणजे १२ क्विंटल ५० किलो. फरक ४५ किलोंचा, आणि १४५० च्या भावाने ६५२ रुपये ५० पैशांचा. एक शून्य विसरले तर एवढा घोळ होतो.

टक्क्याची कळ घरातील बायकांनीही शिकून घ्यावी. कोणी १५००० रुपये ‘फक्त दोन टक्क्यांनी’ देतो म्हणाला, तर १५००० × २ % दाबा. ३०० आले. (काही यंत्रांवर पुढे ‘=’ही दाबावे लागते.) मग विचारा, “हे महिन्याचे की वर्षाचे?” महिन्याचे असतील तर × १२ = करा : वर्षाचे ३६०० रुपये, म्हणजे शेकडा २४.

यंत्र हाती आले म्हणून तोंडचा हिशेब सोडू नका. बारा चौदाशे म्हणजे सोळा-सतरा हजार, एवढा अंदाज आधी मनात बांधावा. पावकी-निमकी पाठ असलेली वडीलधारी घरात असतील, तर त्यांना हा अंदाज विचारावा आणि नातवाला कळा दाबायला लावावे. दोघांचे जुळले की हिशेब पक्का.

आणि न जुळले तर? तेथेच, दुकानाची पायरी उतरण्यापूर्वी, शांतपणे म्हणा, “शेठ, ही ओळ पुन्हा एकदा लावून दाखवा.” त्यात भांडण नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. माल आपला, तर हिशेबही आपलाच.